पेपर निगेटिव्ह कुठे बिघडते: ४×५ कॅमेऱ्यासाठी टप्प्याटप्प्याने कामाची पद्धत

लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यात, म्हणजे ४×५ इंच किंवा त्याहून मोठी सुटी फिल्म घेणाऱ्या कॅमेऱ्यात, फिल्मऐवजी डार्करूमचा कागद घालून त्यावरच निगेटिव्ह काढू पाहणाऱ्यांच्या हाती सुरुवातीला बहुधा दोनच प्रकारचे निकाल येतात. एकात आकाश आणि उन्हातल्या भिंती निगेटिव्हवर काळ्याकुट्ट होतात, तर सावलीतला भाग कोरा करकरीत राहतो. दुसऱ्यात संपूर्ण कागदावर राखाडी झाक चढलेली असते. पहिल्याचे खापर एक्स्पोजरवर फोडले जाते आणि दुसऱ्याचे कागद जुना असण्यावर. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ पूर्वतयारीत आणि कामाच्या क्रमात असते. कागद ही संथ गतीची फिल्म आहे असे समजून काम सुरू केले की पुढचा प्रत्येक अंदाज चुकत जातो.

क्रम असा ठेवावा: आधी सेफलाइटची (डार्करूममधल्या मंद लाल दिव्याची) खात्री, मग डेव्हलपिंगची वेळ कायम करणे, मग प्री-फ्लॅश (कागदाला आधीच दिलेला मंद प्रकाश), मग कागदाची गती (प्रकाशाला तो किती संवेदनशील आहे ते), आणि त्यानंतरच कॅमेरा घेऊन बाहेर पडणे. यातील प्रत्येक चाचणीचा निकाल आधीच्या चाचणीवर उभा असतो. सेफलाइट गळका असेल तर प्री-फ्लॅशची चाचणी खोटी ठरते, आणि डेव्हलपिंगची वेळ दर खेपेला बदलत असेल तर गतीच्या चाचणीला काहीच अर्थ उरत नाही.

टप्पा १: कागदाची निवड

दुकानात नुसता ‘फोटो पेपर’ मागितल्यास इंकजेट प्रिंटरचा चकचकीत कागद हातात पडतो. त्यावर प्रकाशाचा काहीही परिणाम होत नाही. आपल्याला हवा असतो तो चांदीच्या क्षारांचा थर असलेला, डार्करूममध्ये वापरायचा ब्लॅक अँड व्हाइट कागद, ज्याला जुने फोटोग्राफर ब्रोमाइड म्हणतात.

सुरुवात आरसी (रेझिन कोटेड) कागदाने करावी. त्याला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचे अस्तर असल्यामुळे तो लवकर धुतला जातो आणि बराचसा सपाट सुकतो. फायबर कागद सुंदर असतो, पण पावसाळ्यात तो ओलावा धरून गुंडाळला जातो आणि होल्डरमध्ये, म्हणजे फिल्म कॅमेऱ्यात बसवण्याच्या चपट्या पेटीत, नीट बसत नाही. चकचकीत पृष्ठभागाचा कागद घ्यावा, कारण मॅट किंवा पर्ल कागदाचा पोत स्कॅनमध्ये दाण्यासारखा उमटतो. कागदाच्या पाठीवर कंपनीचे नाव छापलेले असेल तर ज्यांचे काँटॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह दुसऱ्या कागदावर दाबून काढलेले प्रिंट) काढायचे आहेत अशा निगेटिव्हसाठी तो वापरू नये. प्रकाश पाठीतून आरपार जाताना ती अक्षरेही प्रिंटवर उतरतात.

ग्रेड २ चा स्थिर कॉन्ट्रास्टचा कागद मिळाला तर उत्तमच, पण सहज मिळतो तो मल्टिग्रेड. स्थिर ग्रेडच्या कागदाला मुख्यतः निळा प्रकाश दिसतो, तर मल्टिग्रेडला निळा आणि हिरवा. निळ्या प्रकाशात मल्टिग्रेडचा कॉन्ट्रास्ट वाढतो आणि हिरव्या प्रकाशात उतरतो. मोकळ्या आकाशाखाली निळा प्रकाश भरपूर असल्यामुळे हा कागद आपोआपच कडक वागतो, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवून दाखवतो. या लेखातील बरीचशी खटपट तो कडकपणा आवरण्यासाठीच आहे.

कागदाचे पाकीट फ्रिजमध्ये ठेवले असेल तर ते बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावे. ठाण्याच्या जुलैमधल्या दमट हवेत थंड पाकीट उघडले की कागदावर दव धरते आणि ते डाग नंतर काही केल्या जात नाहीत.

टप्पा २: बाथरूमची डार्करूम आणि सेफलाइटची परीक्षा

फ्लॅटमध्ये बहुतेकांना बाथरूमच वापरावे लागते, आणि कामासाठी ते पुरेसे असते. खिडकीच्या काचपट्ट्यांवर आणि एक्झॉस्ट फॅनच्या भोकावर काळा जाड पुठ्ठा बसवावा, दाराखालच्या फटीत टॉवेल दाबावा आणि गीझरच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावावी. गीझरचा तो बारीकसा दिवा अनेकांच्या ध्यानातच येत नाही. कागदाचा ढीग नेमका त्याच्या समोर ठेवलेला असतो, आणि मग ‘कागद जुना निघाला’ अशी समजूत होते. मोबाइल आणि स्मार्टवॉच बाहेर ठेवावेत.

सेफलाइट लाल असावा आणि ट्रेपासून निदान ४ फूट दूर असावा. बाजारातील सजावटीच्या लाल बल्बांवर पुष्कळदा केवळ लाल रंग दिलेला असतो आणि त्यातून इतर रंगांचा प्रकाशही गळतो. म्हणून परीक्षा केल्याशिवाय कोणत्याही बल्बवर विश्वास ठेवू नये.

कोऱ्या कागदावर नाणे ठेवून पाहण्याची नेहमीची परीक्षा येथे अपुरी पडते, कारण प्री-फ्लॅश दिलेला कागद काळा पडण्याच्या उंबरठ्यावर उभा असतो आणि जरासा गळका प्रकाशही त्याला पुरतो. त्यामुळे कागदाला आधी अगदी फिकट राखाडी छटा येईल इतकाच पांढरा प्रकाश द्यावा, मग त्यावर नाणे ठेवून तो सेफलाइटखाली ५ मिनिटे ठेवावा आणि पूर्ण डेव्हलप करावा.

तपासणी: सुकलेल्या कागदावर नाण्याचा गोल पुसटसाही दिसत असेल तर सेफलाइट दूर न्यावा किंवा बदलावा. ही परीक्षा पार झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा ३: कागद कापणे आणि होल्डर भरणे

४×५ हे फिल्मचे नाव आहे, माप नव्हे. फिल्म प्रत्यक्षात साधारण १०० × १२५ मिमी असते. ८×१० इंचांचा कागद बरोबर चार भागांत कापला की प्रत्येक तुकडा १०१.६ × १२७ मिमी भरतो आणि होल्डरच्या खाचेत अडकतो. जोर लावून तो आत ढकलला की मध्ये फुगतो, आणि चित्राच्या मधोमध फोकस गेलेला दिसतो. वाया गेलेली एक फिल्म जवळ ठेवून तिच्या मापाने कटरला पट्टी लावावी आणि लांबी आणि रुंदी प्रत्येकी सुमारे दीड-दोन मिलिमीटर कमी करावी. त्याहून लहान तुकडा कॅमेरा तिरपा करताच खाचेतून निसटतो.

फिल्मला असते तशी खूण म्हणून खाच कागदाला नसते. इमल्शनची, म्हणजे चांदीच्या क्षारांच्या थराची बाजू सेफलाइटच्या उजेडात तिरपी धरून ओळखावी. चकचकीत कागदावर ती बाजू अधिक चमकते, आणि कागद बहुधा त्याच बाजूकडे किंचित वळलेला असतो. ही बाजू डार्क स्लाइडकडे (होल्डरच्या सरकत्या झाकणाकडे), म्हणजे भिंगाकडे राहिली पाहिजे.

चेंजिंग बॅग (हात घालून अंधारात फिल्म भरण्याची काळी पिशवी) वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. फिल्मसाठी पूर्ण अंधार लागतो, पण कागद लाल प्रकाशात डोळ्यांनी पाहून भरता येतो. ती सोय सोडून घामेजलेल्या हातांनी अंधारात चाचपडण्यात काहीच हशील नाही. आपल्या हवेत बॅगेत हात घालून पाच मिनिटे होत नाहीत तोच बोटे ओली होतात, आणि त्यांचे ठसे आकाशाच्या भागात हमखास उमटतात.

टप्पा ४: डेव्हलपिंगची वेळ कायम करणे

हा टप्पा बहुतेक जण शेवटी ठेवतात आणि तिथेच घोळ होतो. कागद लाल प्रकाशात डेव्हलप होताना दिसतो, त्यामुळे तो काळा पडू लागताच घाईने बाहेर ओढण्याचा मोह अनावर होतो. असा अर्ध्यावर काढलेला निगेटिव्ह डागाळतो, कारण द्रावणाची हालचाल सगळीकडे सारखी पोहोचलेली नसते. शिवाय एक्स्पोजर जास्त झाले होते की डेव्हलपिंग कमी, हे नंतर कळायला मार्ग राहत नाही. लाल प्रकाशात कागद नेहमीच आहे त्यापेक्षा गडद भासतो, हेही लक्षात ठेवावे.

पेपर डेव्हलपर प्रिंटसाठी साधारणपणे १ भागास ९ भाग पाणी असा वापरतात. निगेटिव्हसाठी तो १ भागास २० भाग पाणी इतका पातळ करावा, म्हणजे कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो आणि प्रतिमा सावकाश येते. या पातळ द्रावणात ३ मिनिटे ही वेळ धरून सुरुवात करावी आणि सर्व चाचण्या संपेपर्यंत ती बदलू नये. पातळ डेव्हलपर लवकर दमतो, म्हणून ट्रेमध्ये पुरेसे द्रावण घ्यावे आणि प्रतिमा उमटायला नेहमीपेक्षा उशीर होऊ लागला की ते बदलावे.

तापमान २० अंश सेल्सिअस ठेवा असे सगळीकडे छापलेले असते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला कोमट लागते, तेव्हा २० अंश टिकवणे जिकिरीचे होते. त्याऐवजी वर्षभर २४ अंश धरून काम करणे सोयीचे पडते. महत्त्व तापमान नेमके किती आहे याला नसून ते दर वेळी सारखे असण्याला आहे. द्रावण थंड करण्यासाठी बर्फ थेट ट्रेमध्ये टाकू नये. तो घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून बाहेरच्या मोठ्या परातीत ठेवावा आणि ट्रे त्या परातीत बसवावा.

डेव्हलपरनंतर १० ते १५ सेकंद स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारे आम्लाचे पाणी) द्यावा. त्यासाठी लिटरभर पाण्यात १५ ते २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरते. रॅपिड फिक्सर (प्रतिमा पक्की करणारे द्रावण) १ भागास ४ भाग पाणी असा घेतल्यास आरसी कागदाला अर्ध्या ते एका मिनिटात फिक्स करतो. त्यानंतर वाहत्या पाण्यात दोन मिनिटे धुवावे.

इशारा: वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नये. त्यात विरघळलेली चांदी असते, ती पाण्यातील जीवांना घातक ठरते, आणि आपली गटारे शेवटी खाडीलाच मिळतात. फिक्सर कॅनमध्ये साठवून चांदी काढून घेणाऱ्याकडे द्यावा.

टप्पा ५: प्री-फ्लॅश

कडक कॉन्ट्रास्टवर हाच खरा उपाय आहे. सावलीतून येणारा क्षीण प्रकाश कागदावर काहीच उमटवू शकत नाही, कारण ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचलेला प्रकाश कागद गिळून टाकतो. आपण आधीच एकसारखा, अगदी मंद प्रकाश देऊन कागदाला त्या मर्यादेपाशी आणून ठेवले की सावलीतला थोडासा प्रकाशही नोंदला जातो. उजळ भागांना मुळातच भरपूर प्रकाश मिळत असल्यामुळे त्यांच्यावर या जादा प्रकाशाचा फारसा परिणाम होत नाही.

एन्लार्जर (निगेटिव्ह मोठा करून कागदावर पाडणारे यंत्र) असेल तर त्याचे डोके पूर्ण वर घ्यावे, भिंग एफ/१६ वर ठेवावे आणि निगेटिव्हची जागा रिकामी ठेवावी. एन्लार्जर नसल्यास झिरोचा बल्ब पांढऱ्या कागदाच्या दोन-तीन थरांनी झाकून छताजवळ बांधावा. मग कागदाच्या पट्टीचा एक भाग जाड पुठ्ठ्याने पूर्ण झाकून, उरलेल्या भागावरून पुठ्ठा एकेक सेकंदाने सरकवत ८ ते १० पायऱ्या पाडाव्यात. पट्टी ठरलेल्या ३ मिनिटांसाठी डेव्हलप करावी, फिक्स करून धुवावी आणि पूर्ण सुकू द्यावी.

सुकल्यावर ती खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहावी. झाकलेल्या कोऱ्या भागापेक्षा किंचित वेगळी दिसणारी पहिली पायरी शोधावी आणि तिच्या आधीच्या पायरीचे सेकंद वहीत लिहावेत. हीच आपली प्री-फ्लॅशची वेळ. ओल्या पट्टीवरून निर्णय घेऊ नये, कारण सुकल्यावर कागद थोडा गडद होतो. पहिल्या पट्टीवर तिसऱ्या सेकंदालाच राखाडी छटा आली तर प्रकाश फार तेज आहे असे समजून बल्बवर आणखी थर चढवावेत. वेळ ५ सेकंदांहून अधिक येईल अशी व्यवस्था केली म्हणजे अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी फारसे बिघडत नाही.

प्री-फ्लॅश होल्डरमध्ये भरण्याआधी, इमल्शन वर ठेवून द्यावा आणि असे कागद शक्यतो त्याच दिवशी वापरावेत. फ्लॅश दिलेले आणि न दिलेले कागद दिसायला अगदी सारखे असतात, म्हणून होल्डरवर पेन्सिलने खूण करावी.

टप्पा ६: कागदाची गती शोधणे

पाकिटावर छापलेला गतीचा आकडा एन्लार्जरखालच्या कामासाठी असतो. तो लाइट मीटरवर लावू नये. कॅमेऱ्यात हा कागद साधारणपणे आयएसओ ३ ते १२ च्या दरम्यान वागतो. मीटर ६ वर लावून चाचणी सुरू करावी. मीटर ६ पर्यंत उतरत नसेल तर २५ वर मोजून येणारी वेळ चौपट करावी.

चाचणीसाठी सोसायटीची लांब कंपाउंड भिंत निवडावी. चित्रात वर आकाशाची पट्टी, मध्ये भिंत आणि खाली झाडोऱ्याची सावली असेल, आणि हे तिन्ही डावीकडून उजवीकडे सारखेच पसरलेले असेल, अशी चौकट धरावी. ॲपर्चर असे ठेवावे की मीटर २ सेकंद दाखवील. शटर बी वर (दाबून धरेपर्यंत उघडे राहील असे) लावून आणि केबल रिलीज वापरून पुढील क्रमाने एकाच कागदावर चार पट्ट्या घ्याव्यात.

१. डार्क स्लाइड पूर्ण बाहेर काढून १ सेकंद.
२. स्लाइड पाव भाग आत सरकवून आणखी १ सेकंद.
३. निम्म्यापर्यंत सरकवून आणखी २ सेकंद.
४. पाऊण भाग सरकवून आणखी ४ सेकंद.

अशा रीतीने पट्ट्यांना एकूण १, २, ४ आणि ८ सेकंद मिळतात, म्हणजेच आयएसओ १२, ६, ३ आणि १.५ या चारही शक्यता एकाच कागदावर तपासल्या जातात. स्लाइड सरकवताना एका हाताने होल्डर घट्ट धरावा, नाहीतर कॅमेरा हलतो आणि पट्ट्यांची तुलना करता येत नाही.

तपासणी: निगेटिव्हवर झाडोऱ्याच्या सावलीत पानांचे आकार ज्या पट्टीत पहिल्यांदा ओळखू येतील ती पट्टी निवडावी. आकाशाकडे पाहून निवड करू नये. निळा प्रकाश थेट तिथूनच येत असल्यामुळे आकाश जवळजवळ प्रत्येक पट्टीत काळेच येणार. निवडलेल्या पट्टीत उन्हातली भिंतही पूर्ण काळी झाली असेल तर गती बदलू नये. डेव्हलपर आणखी पातळ करून ही चाचणी पुन्हा घ्यावी.

टप्पा ७: प्रत्यक्ष चित्र घेणे

लाइट मीटर सर्व रंग मोजतो, कागद तसे करत नाही. म्हणून मीटरचा आकडा हाती आल्यावर प्रकाशाचा रंग पाहून त्यात फेरफार करावा लागतो. ढगाळ दिवशी किंवा निळ्या आकाशाखालच्या सावलीत आकडा तसाच ठेवावा. सायंकाळी ऊन पिवळे झाले की एक ते दोन स्टॉप वाढवावेत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट एक्स्पोजर). घरात पिवळ्या बल्बच्या उजेडात कागद इतका संथ होतो की तिथे नवशिक्याने वेळ दवडू नये.

दृश्य निवडतानाही हाच विचार करावा. लाल वस्तू कागदाला दिसतच नाहीत: कपाळावरचे कुंकू प्रिंटमध्ये काळे येते, भगवा झेंडा काळवंडतो, आणि चेहऱ्यावरचे डाग व सुरकुत्या उठून दिसतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी घरच्यांना समोर बसवू नये. उलट पावसाळ्यात छपरांवर घातलेली निळी ताडपत्री जवळजवळ पांढरी येते. कळव्याच्या बाजूच्या वस्तीचे असे एक चित्र पाहिल्यावर निळा रंग कागदाला किती उजळ दिसतो हे कायमचे मनात ठसते. हवेतला धूसरपणाही कागद वाढवून दाखवतो, कारण धुरक्यात विखुरलेल्या प्रकाशात निळा भाग जास्त असतो. डिसेंबरच्या सकाळी वाशीकडून पारसिकचा डोंगर डोळ्यांना दिसत असला तरी कागदावर तो आकाशात विरून जातो. तोच डोंगर पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर घ्यावा.

जून ते सप्टेंबरचा ढगाळ उजेड या कामाला सर्वांत अनुकूल असतो. मासुंदा तलावाचा काठ किंवा उपवन मे महिन्यात भर दुपारी कागदाच्या आवाक्याबाहेर असतात, पण पावसाळी सकाळी तीच ठिकाणे निगेटिव्हवर सहज मावतात. कडक उन्हात काम करायचेच असेल तर मल्टिग्रेड कागदासाठी भिंगावर पिवळा फिल्टर लावावा. तो निळा प्रकाश अडवतो, हिरवा जाऊ देतो, आणि कॉन्ट्रास्ट स्पष्टपणे उतरतो. एक्स्पोजर किती वाढवायचे ते टप्पा ६ ची चाचणी फिल्टर लावून पुन्हा घेऊनच ठरवावे. फिल्टरवर छापलेला गुणक फिल्मसाठी असतो. स्थिर ग्रेडच्या कागदावर पिवळा फिल्टर वापरू नये, कारण त्याला दिसणारा जवळजवळ सगळा प्रकाश तिथेच अडतो.

अंदाजाचा आधार म्हणून एक हिशेब जवळ असावा. आयएसओ ६ धरल्यास स्वच्छ उन्हात एफ/१६ ला सुमारे १/६ सेकंद, एफ/३२ ला सुमारे २/३ सेकंद आणि एफ/४५ ला सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ येते. ॲपर्चर लहान ठेवून वेळ एका सेकंदापलीकडे नेली की हाताने मोजणे सोपे जाते. जवळच्या वस्तूसाठी बेलोज (भिंग आणि होल्डर यांमधला घडीचा भाता) लांबवला असेल तर बेलोजच्या लांबीला फोकल लेंग्थने भागावे, येणाऱ्या आकड्याचा वर्ग करावा आणि वेळेला त्याने गुणावे. १५० मिमीच्या भिंगाला बेलोज २१० मिमी असेल तर वेळ जवळपास दुप्पट होते.

कॅमेऱ्यापाशी क्रम चुकवू नये: चौकट, फोकस, ॲपर्चर, शटर बंद करणे, शटर खरोखर बंद आहे ना हे भिंगात समोरून डोकावून पाहणे, होल्डर बसवणे, डार्क स्लाइड काढणे, कॅमेरा स्थिर होऊ देणे, एक्स्पोजर, आणि स्लाइडची काळी बाजू बाहेर ठेवून ती परत घालणे. फोकससाठी शटर उघडे ठेवून तसेच स्लाइड ओढणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

घरी बनवलेल्या कॅमेऱ्यात साधे एकपदरी भिंग असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अशा भिंगातून निळा प्रकाश डोळ्यांना दिसणाऱ्या फोकसपेक्षा भिंगाच्या किंचित जवळ एकवटतो. ग्राउंड ग्लासवर (फोकस पाहण्याच्या दुधी काचेवर) प्रतिमा तीक्ष्ण दिसूनही निगेटिव्ह मऊ येत असेल, तर फोकसनंतर मागचा भाग थोडा पुढे घेऊन पाहावा आणि ॲपर्चर लहान ठेवावे.

टप्पा ८: निगेटिव्हपासून चित्र

निगेटिव्ह कसा दिसावा, हे त्याचे पुढे काय करायचे यावर अवलंबून असते. स्कॅन करायचा असेल तर तो समोरून पाहताना थोडा फिका आणि सपाट वाटला पाहिजे. प्रिंट म्हणून डोळ्यांना आवडणारा गडद काळेपणा स्कॅनरला वाचता येत नाही. काँटॅक्ट प्रिंट काढायचा असेल तर निगेटिव्ह हातात घेऊन नव्हे, खिडकीच्या उजेडासमोर धरून आरपार पाहावा. समोरून काळे दिसणारे भाग आरपार पाहताना कित्येकदा उघडे होतात आणि त्यांत तपशील सापडतात.

स्कॅन करताना रिफ्लेक्टिव्ह म्हणजे साध्या कागदाची पद्धत निवडावी, १६ बिट ग्रेस्केल ठेवावे आणि सर्व स्वयंचलित सुधारणा बंद कराव्यात. प्रतिमा उलटी म्हणजे पॉझिटिव्ह केल्यावर ती आडव्या दिशेनेही पालटावी लागते. इमल्शन भिंगाकडे असल्यामुळे त्या बाजूने पाहताना डावे-उजवे अदलाबदल झालेले असते. चित्रात दुकानाची पाटी असेल तर चूक लगेच कळते, पण झाडे आणि पाणीच असेल तर ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

काँटॅक्ट प्रिंटसाठी नवा कागद इमल्शन वर करून ठेवावा, त्यावर निगेटिव्ह इमल्शन खाली करून ठेवावा आणि वरून जाड काच दाबावी. इमल्शनला इमल्शन भिडले की डावे-उजवे आपोआप बरोबर होते. प्रकाशाला कागदाच्या पूर्ण जाडीतून जायचे असल्यामुळे फिल्मच्या मानाने कितीतरी पट अधिक वेळ लागतो. एन्लार्जरचे ॲपर्चर पूर्ण उघडून चाचणी पट्टी ५, १०, २०, ४० सेकंदांची घ्यावी. प्रिंट मधल्याच भागात मऊ आला तर एक्स्पोजर बदलण्याआधी काचेचा दाब तपासावा. कागद मधोमध फुगलेला असतो आणि पातळ काच त्याला दाबू शकत नाही, म्हणून काच निदान ६ मिमी जाडीची घ्यावी.